तोंड उघडं, आवाज नाही
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



मला चित्रकलेतलं फारसं कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. आपल्या चळवळीची कला म्हणजे पोस्टर, गाणी, पथनाट्य. रस्त्यावरच्या बाईला लगेच कळेल अशी. म्हणून रुमाना हुसेनच्या कामाबद्दल बोल म्हटल्यावर मी आधी नाहीच म्हणाले होते.

रुमाना मुंबईत राहणारी चित्रकार. 6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींत मुंबईत सरकारी हिशेबानंच 900 माणसं मेली. तिचं रंगकाम मागे पडलं. फुटकी मडकी, आरसे, गेरू तिच्या कामात आले. फुटकं मडकं आरशावर ठेवलं की अख्खं दिसतं, हात लावायला जावं तर अर्धंच.

1995 मध्ये एनसीपीएत तिनं 'लिव्हिंग ऑन द मार्जिन्स' हा प्रयोग केला. पायात घुंगरू, हातात चिरलेली पपई, तोंड उघडं आणि आवाज नाही. अशी ती चालत राहिली. मी प्रयोग पाहिलेला नाही, फोटो पाहिलेत. चिरलेल्या पपईत काय दिसतं ते तुम्हाला सांगायला नको. आपल्याला दिवस गेले की घरातल्या म्हाताऱ्या आधी पपईच बंद करतात.

फोटो पाहिला आणि मला छावणीतली एक बाई आठवली. दंगलीनंतर मी तिथं माहितीचे फॉर्म भरत होते. काय झालं, कुणी केलं, किती वाजता, असं तिला तीनदा विचारलं. ती तोंड उघडायची, मिटायची. मी 'माहिती देण्यास असमर्थ' असं लिहिलं आणि पुढच्या बाईकडे वळले. रांग मोठी होती. अहवाल हवाच होता, तो लिहिला म्हणून मला पश्चात्ताप नाही. पण तिनं सांगितलं नव्हतं असं मात्र आता म्हणवत नाही. मला ते कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळलं नव्हतं.

हे सगळं गॅलरीतल्या चार लोकांसाठीच ना, असं मघाशी एकीनं विचारलं. बरोबर आहे. 1996 चं तिचं 'होम/नेशन' गॅलरीतच होतं, वस्तीत नव्हतं. पण पोस्टरचं काम पोस्टर करतंच आहे, ते तिच्याकडून कशाला मागायचं?

रुमानाला स्तनाचा कॅन्सर झाला. 1999 मध्ये, पन्नाशीच्या आतच, ती गेली. त्याच वर्षीच्या 'अ स्पेस फॉर हीलिंग'मधली खोली इस्पितळासारखीही वाटते आणि प्रार्थनेच्या जागेसारखीही.

आपल्या केंद्रातला फॉर्म नव्यानं छापायचा आहे. त्यात अर्धं पान कोरं ठेवावं असं मला वाटतं. त्यावर बाईनं काय करावं, आणि तिच्यासमोर बसलेल्या आपण तेवढा वेळ काय करावं, ते दुपारच्या सत्रात ठरवू. चहा आलाय.