दोन तास मराठी बंद
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



पंचेचाळीस वर्षांनी या सभागृहात उभा आहे. तेव्हा मला इथे शिक्षा म्हणून उभं करत, आज सत्कार म्हणून केलंय. दहा मिनिटं मिळाली आहेत आणि पहिल्या रांगेत आमचे गणिताचे सर बसलेत, त्यामुळे वेळ पाळीन.

डी.एड. होऊन मी मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका शाळेत लागलो. पोरं कोरकू बोलायची, मला ओ की ठो कळायचं नाही. मग मी नियम केला : वर्गात कोरकू बोलेल तो फळ्याजवळ उभा राहील. पोरांना मराठी लवकर यावी, एवढाच हेतू. पहिलीतली एक मुलगी ओळीने तीन दिवस उभी राहिली. चौथ्या दिवसापासून ती वर्गात बोललीच नाही, वर्षभर. मी प्रगतिपत्रकावर शेरा लिहिला, 'शांत मुलगी'.

कोरकू म्हणजे बिघडलेलं हिंदी, असं मीही समजत होतो. पुढे कळलं, ती मुंडा कुळातली भाषा आहे. तिच्या बहिणी संथाली आणि मुंडारी, पार तिकडे झारखंडात. 'कोरो' म्हणजे माणूस, 'कोरकू' म्हणजे माणसं. पाण्याला 'डा', वाघाला 'कुला'. आपण मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' असा फरक करतो आणि त्याचा आपल्याला अभिमान असतो. कोरकूत त्यासाठी चार शब्द आहेत. तू आणि मी, दोघंच. मी आणि तो, पण तू नाहीस. आपण सगळे. आम्ही सगळे, तुला सोडून. यातला कोणता शब्द पोरं माझ्यासाठी वापरत असतील, ते विचारू नका.

निवृत्तीनंतर एक दिवस कॉलेजात शिकणारी एक मुलगी घरी आली. त्या 'शांत मुली'ची लेक. म्हणाली, "सर, मला कोरकू येत नाही. तुम्ही बोलू देत नव्हता ना, म्हणून आईनं आमच्याशी मराठीच ठेवली." तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती सहज सांगत होती. तेच जास्त लागलं.

२०११ च्या जनगणनेत कोरकू मातृभाषा सांगणारे सव्वासात लाखांच्या वर आहेत, बहुतेक मध्य प्रदेशात आणि आपल्याकडे. आकडा मोठा, म्हणून काळजी कुणाला नाही. पण त्या मुलीच्या घरात भाषा आजीपाशी येऊन थांबली होती.

पाच-सहा पोरं जमली. मी जन्माचा मास्तर. शब्दांच्या याद्या केल्या, वह्या वाटल्या, चाचणी घेतली. तिसऱ्या आठवड्यात दोघंच उरली. मग कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांची एक पद्धत वाचनात आली, १९९० च्या दशकात सुरू झालेली. एक म्हातारं माणूस, एक तरुण. दोघांनी मिळून रोजचं काम करायचं आणि तेवढा वेळ इंग्रजी बंद. आम्ही मराठी आणि हिंदी बंद केली. आठवड्यातून तीनदा, दोन-दोन तास. मोहफुलं वेचायची, चूल पेटवायची, काय लागेल ते.

त्या मुलीला आजीशेजारी बसवलं. पहिला अर्धा तास दोघी गप्प. मग नात काहीतरी बोलली, चुकली, आणि आजी पोट धरून हसली. नात उठून बाहेर आली, म्हणाली, "उद्यापासून नाही येत."

माझं खरं काम तिथं सुरू झालं. या पोरांना भाषा बरीच कळते. एक मुलगा तर सगळं समजायचा, पण उत्तर हिंदीतच द्यायचा. चुकलो तर हसतील, ही भीती. म्हणून मी आधी आजी-आजोबांना शिकवलं : हसायचं नाही, चुकलेलं वाक्य फक्त बरोबर करून पुन्हा म्हणायचं. मास्तरांना सोपं वाटेल, पण मला स्वतःला ते चोवीस वर्षांत जमलं नव्हतं. बाकी मी चहा करतो, फोन चार्ज करून ठेवतो आणि कुणी दोनदा आलं नाही तर घरी जातो.

सगळं नीट झालं असं नाही. लग्नातली गाणी येणाऱ्या एक आजी होत्या. पावसाळा संपला की रेकॉर्ड करू म्हटलं. त्या भाद्रपदातच गेल्या. ती गाणी आता कुणाला पुरी येत नाहीत.

ती मुलगी आता कोरकूत भांडते, म्हणजे बरी आली म्हणायची. गेल्या महिन्यात गेलो तर तिची आई चहा गाळता गाळता लेकीला कोरकूत काहीतरी म्हणाली. मी समोर असताना पहिल्यांदाच. मला अर्धंच कळलं, साखरेचं काहीतरी होतं.

आता कामाचं. आपल्यातले बरेच जण अमरावती-पुण्यात प्राध्यापक आहेत. मेळघाटातली मुलं तुमच्या वर्गात, वसतिगृहात असतील. घरी कोण कोरकू बोलतं एवढं त्यांना विचारा, आणि माझा नंबर द्या. शिवाय तीन जोड्यांसाठी आवाज नीट टिपणारे फोन हवे आहेत. जुने चालतील, बॅटरी मात्र धड हवी. चहाच्या वेळी मी दाराशी उभा आहे.