वेशीबाहेरची घरे
(मालेगाव, जि. वाशिम येथे पक्षकार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



मुंबईलगतच्या अनधिकृत इमारतींची चर्चा मालेगावसारख्या तालुक्याच्या गावी कशासाठी, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, त्या इमारतींत राहणारा माणूस मुंबईचा नसतो. कोरडवाहू शेती पोसेनाशी झाली, सोयाबीनच्या भावाने खर्चही निघेनासा झाला, म्हणजे वऱ्हाडातला आणि मराठवाड्यातला तरुण कल्याण, वसई, पिंपरीची वाट धरतो. शहराला त्याचे श्रम हवे असतात. त्याच्या निवाऱ्याची जबाबदारी मात्र नको असते. ती जबाबदारी वेशीबाहेर उभा असलेला बिल्डर आपल्या पद्धतीने उचलतो.

ही पद्धत ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्यालगत शीळ फाट्यावर उघडी पडली. लकी कंपाउंडमधील इमारत अवघ्या काही महिन्यांत सात मजले चढली होती आणि आठव्याचे काम चालू होते. परवानगी कसलीच नव्हती. खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहावयास आणली होती, त्यांत बांधकामावरच्या मजुरांची कुटुंबेही होती. ७४ माणसे मेली. वसतीला आलेल्या इमारतीवर हातोडा चालविणे प्रशासनाला जड जाते, हे जाणणाऱ्याने अपुऱ्या इमारतीत माणसे भरली, तर तो माणसांचा ढाल म्हणून केलेला उपयोग होय. बिल्डरांबरोबर महापालिकेच्या अधिकाऱ्यांनाही त्या वेळी अटक झाली. परंतु व्यवहार थांबला नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विरारच्या रमाबाई अपार्टमेंटचा भाग मध्यरात्री कोसळून १७ जण गेले. ती इमारतही अनधिकृतच होती.

नालासोपाऱ्याचे प्रकरण याहून बोलके आहे. तेथील अग्रवाल नगरीत ४१ इमारती उभ्या राहिल्या, त्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर. हा काही एका रात्रीत उभारलेला झोपडा नव्हे. शेकडो गाड्या खडी-सिमेंट उघड्या रस्त्याने आले, वीज आली, दारोदारी मतदार याद्या झाल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत त्या साऱ्या इमारती जमीनदोस्त करण्यात आल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. डोंबिवलीत तर ६५ इमारतींच्या परवानग्यांची कागदपत्रेच बनावट निघाली, आणि त्याच कागदांवर महारेराची नोंदणी मिळविण्यात आली होती. ग्राहकाच्या रक्षणासाठी संसदेने २०१६ साली कायदा केला. त्या कायद्याचा शिक्काच ग्राहकाला फसविण्याच्या कामी आला. नोंदणी देणाऱ्या कार्यालयाने महापालिकेला एक पत्र लिहून खातरजमा केली असती, तर हे टळण्याजोगे होते.

आता पक्षापुढचा खरा पेच. अशा घरांचे करायचे काय? चळवळीत यावर दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, गरिबाचे घर आहे, सरसकट नियमित करा. दुसरे म्हणते, कायदा सर्वांना सारखा, पाडा. दोन्ही मते सोपी आहेत आणि दोन्ही बिल्डरला मोकळे सोडतात.

सरसकट नियमितीकरणाचा इतिहास महाराष्ट्रात पुरेसा लांब आहे. २००१ साली गुंठेवारी कायदा झाला. १ जानेवारी २००१ पूर्वीचे भूखंड नियमित करावयाचे होते. २०२१ च्या दुरुस्तीने ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. नगररचना कायद्यात २०१७ साली कलम ५२-क घालून २०१५ अखेरपर्यंतच्या अनधिकृत बांधकामांना अशीच वाट करून दिली. शेवटची तारीख पुढे सरकते हे एकदा कळले की ती शेवटची राहत नाही; ती पुढल्या हंगामाची जाहिरात ठरते. शिवाय पैसे कोण भरतो? गुंठेवारीत प्रशमन शुल्क आणि विकास आकार भरतो तो भूखंडधारक. ज्याने शेत विकत घेऊन चुन्याच्या रेघा मारल्या, रस्ता आणि मैदान दाखवून तेही विकले, तो केव्हाच पुढच्या गावाला गेलेला असतो. अनधिकृत घरावर दुप्पट शास्ती आकारण्याची तरतूदही अशीच राहणाऱ्याच्या मानगुटीवर बसते. आणि कच्च्या खांबाला कागदाने बळकटी येत नाही, बुजविलेला नाला शुल्क भरल्याने वाहू लागत नाही.

पाडापाडीच्या बाजूने कायद्याचे बळ आहे, हे खरे. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी राजेंद्रकुमार बडजात्या प्रकरणात अनधिकृत बांधकामांविषयी सक्त निर्देश दिले. परंतु त्या निकालाचा उल्लेख करणारी मंडळी त्यातील अर्धा भाग विसरतात. पूर्णत्वाचा वा भोगवट्याचा दाखला पाहिल्यावाचून वीज-पाणी देऊ नये, दाखला पडताळल्यावाचून बँकांनी कर्ज देऊ नये, आणि जबाबदार अधिकाऱ्यांवर विभागीय कारवाई व्हावी, हेही त्याच निकालात आहे. हा भाग अमलात आणला तर बिल्डरचा माल खपणारच नाही. प्रत्यक्षात हातोडा मात्र नेहमी शेवटच्या माणसाच्या भिंतीवर पडतो. १९६६ च्या नगररचना कायद्याचे कलम ५२ अनधिकृत बांधकाम करणाऱ्यास कैद सांगते. त्या कलमाचा उपयोग किती झाला, हे प्रत्येक महापालिकेला विचारावे.

म्हणून पक्षाची भूमिका अशी हवी: राहणाऱ्याचा निवाऱ्याचा हक्क आणि बांधणाऱ्याचा नफा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. धोक्याची इमारत रिकामी झालीच पाहिजे, पण पर्यायी घरासह. आणि त्या घराची किंमत बांधणाऱ्याच्या मालमत्तेतून वसूल झाली पाहिजे.

अर्थात मूळ प्रश्न परवडणाऱ्या जमिनीचा आहे. १९७६ चा नागरी कमाल जमीनधारणा कायदा सदोष होता, सवलतींची भोके त्याला भरपूर होती; तरीही त्याच कायद्याच्या आधारे मृणाल गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेमार्फत लढा दिला आणि गोरेगावला दिंडोशी येथे ६२ एकर जमिनीवर सुमारे ६ हजार कुटुंबांना घरे मिळवून दिली. समाजवाद्यांनी केवळ मोर्चेच काढले असे म्हणणाऱ्यांनी ती वसाहत एकदा पाहून यावी. महाराष्ट्र शासनाने २००७ च्या नोव्हेंबरात तो कायदाच रद्द केला. घरे स्वस्त होतील असे तेव्हा सांगण्यात आले होते. वसईत १९८८ पासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा तिला विकासविरोधी ठरविण्यात आले; आज त्याच भागात पावसाळ्यात घरांत पाणी शिरते, तेव्हा विकास कोणाचा झाला हे विचारणारे मात्र फारसे उरलेले नाहीत.

आणि मालेगाव? समृद्धी महामार्ग वाशिम जिल्ह्यातून, मालेगाव तालुक्यातूनही गेला. ५ जून २०२५ पासून तो मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण खुला आहे. रस्त्याबरोबर दलाल येतो. शेतात रेघा पडतात, इसारपावती होते, मुखत्यारपत्र होते, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची पावती मालकीचा पुरावा म्हणून दाखविली जाते. ती पावती कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्याचा अडसर होता. तोही शासनाने २०२५ साली नागरी भागांपुरता सैल केला. त्यात अडकलेल्या सामान्य माणसाची सोय झाली यात शंका नाही. परंतु रेघा मारणाऱ्याचे पाप त्यात धुऊन निघाले, हेही तितकेच खरे.

तालुक्यातील कार्यकर्त्यांना आज करता येण्याजोगे काम मोठे नाही, पण नेटाचे आहे. ज्या ज्या शेतात भूखंडांचे फलक लागले असतील, त्यांचे गट क्रमांक उतरवून घ्यावेत. प्रत्येक गटाचा ताजा सातबारा काढावा. नगररचना विभागाने मंजूर केलेला रेखांकन नकाशा आहे काय, रस्ते आणि मोकळी जागा कोणाच्या नावे आहे, याची माहिती अधिकाराखाली लेखी विचारणा करावी आणि जे उत्तर येईल ते चावडीवर व बाजाराच्या दिवशी वाचून दाखवावे. अर्जाला दहा रुपये लागतात; उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.