वंगण बदलताना : पितळी वाद्यांच्या निगेविषयी चार गोष्टी

(गतवर्षी उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी मंडळाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



उत्सवातले व्याख्यान म्हटले की संतवाङ्मय किंवा मधुमेह हे ठरलेले विषय. यंदा "पिस्टनला तेल कोणते घालावे" यावर बोलायला मला उभे केले आहे. त्याला कारण आहे. आपल्या मुलांच्या पथकातील दोन ट्रंपेट, दोन कॉर्नेट आणि एक युफोनियम अशी पाच वाद्ये अडकून बसली आहेत. ती मोडीत द्यावीत, असा प्रस्ताव समितीपुढे आहे. माझी उमेद लष्करी बँडमध्ये कॉर्नेट फुंकण्यात गेली. मी पाचही वाद्ये उघडून पाहिली. त्यांतली चार माझ्या मते नुसती मळली आहेत. तेव्हा निर्णयापूर्वी माझे म्हणणे ऐकावे, ही विनंती.

आधी थोडा इतिहास. पूर्वी बिगुलासारख्या साध्या नळीतून मोजकेच स्वर निघत. 1818 साली श्ट्योल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोन जर्मन वादकांनी व्हॉल्व्हचे पेटंट घेतले. पुढे 1830 च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसच्या पेरिने यांनी पिस्टनला जो आकार दिला, तोच आजही आपल्या ट्रंपेटमध्ये आहे. पिस्टन दाबला की हवा जादा नळीतून फिरून जाते. नळी लांबली की स्वर उतरतो. मधला पिस्टन अर्धा स्वर उतरवतो, पहिला एक स्वर आणि तिसरा दीड. या तीन बोटांवर पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीतला प्रभात बँडही चालतो आणि विजय चौकातले 29 जानेवारीचे बीटिंग रिट्रीटही.

पिस्टन आणि त्याचे घर यांमध्ये फट असते ती मिलिमीटरच्या काही शतांशांची. त्या फटीत तेलाला दोन कामे असतात : पिस्टन सरकवणे आणि हवा कोंडून धरणे. तेल फार पातळ झाले तर जुन्या, झिजलेल्या वाद्यात हवा गळते आणि वरचे स्वर पडतात. फार दाट झाले तर नव्या, घट्ट पिस्टनची चाल मंदावते. म्हणून नव्या वाद्याला पातळ आणि जुन्याला दाट तेल, हा साधा नियम.

आता आपल्या घरातला उपाय : खोबरेल. सोलापूर-कोल्हापूरकडच्या उन्हाळ्यात ते चालल्यासारखे वाटेलही. पण खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजते. दिल्लीच्या डिसेंबरात ते पिस्टनमध्ये मेणासारखे बसते आणि कालांतराने खवट, चिकट होते. रॉकेलने पिस्टन क्षणभर सुटतो. पण ते लवकर उडून जाते, आणि त्याची वाफ मुलांच्या श्वासात जाते ती वेगळीच. पिस्टनसाठी मिळणारे तेलच घालावे. ते खनिज असो वा सिंथेटिक. सिंथेटिक महाग असते, पण सावकाश उडते.

आपल्या चार वाद्यांचे दुखणे इथेच आहे. ज्या पालकाच्या हाती जी बाटली लागली ती त्यांनी ओतली. वेगवेगळी तेले एकत्र आली की काहींचा चिकट थर बनतो. त्यात थुंकी आणि नोएडा-गुडगावची धूळ मिसळली की पिस्टन अडकणारच. तेव्हा तेल बदलायचे तर जुने पूर्ण काढूनच बदलावे.

रीत सोपी आहे. पिस्टन एकेक बाहेर काढून मऊ फडक्यावर ओळीने ठेवा; प्रत्येकावर 1, 2, 3 असा आकडा असतो. पिस्टनवरचे नमदे भिजू देऊ नका. नळ्या आणि पिस्टनची घरे कोमट पाण्यात भांडी घासायचा सौम्य साबण घालून लवचीक ब्रशने धुवा. उकळते पाणी नको, लाखेचा थर निघतो. पिस्टनला पितळ चमकवायची पावडर किंवा पॉलिश कधीही लावू नका. ते धातूच झिजवते. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, म्हणून शेवटचे पाणी गाळलेले घ्या आणि सगळे नीट कोरडे करा. मग नव्या तेलाचे चार-पाच थेंब घालून पिस्टन त्याच्याच घरात बसवा आणि खूण जुळेपर्यंत हलकेच फिरवा. पहिला आणि तिसरा अदलाबदल झाले तर हवाच अडते, आणि मुलगा उगीच गाल फुगवत बसतो. सरकत्या नळ्यांना तेल नको, ग्रीस हवे; आणि त्या ओढताना त्या नळीचा पिस्टन दाबून ठेवावा.

पहिले पंधरा दिवस रोज तेल घाला, म्हणजे जुन्याचा उरलासुरला अंशही वाहून जाईल. थंडीत वाजवण्यापूर्वी वाद्यात उबदार श्वास सोडावा आणि पिस्टन हलवत राहावे. लष्करी बँडमध्ये आम्ही हेच करीत असू.

राहिला युफोनियम. त्याच्या पिस्टनवरचा मुलामा गेला आहे, हवा उघड गळते. तिथे तेलाची मात्रा चालणार नाही, कारागीरच हवा. तो दूर नाही. मेरठची जली कोठी ही बँडच्या वाद्यांची पेठ आपल्या राजधानी क्षेत्रातच आहे. तिथली नादिर अली कंपनी 1885 पासूनची.

म्हणून माझी सूचना अशी. चार वाद्ये या रविवारी इथेच धुऊ, मी येतो. युफोनियम मेरठला दाखवू, आणि कारागीर नाही म्हणाला तरच मोडीत देऊ. यापुढे मंडळाने एकाच प्रकारचे तेल आणावे आणि प्रत्येक वाद्य एका मुलाच्या नावे लावावे. ज्याच्या हातात वाद्य, त्याच्याच हातात बाटली. आपली मुले इथे जन्मली, वाढली. मराठी बोलताना कधी अडखळतात. पण बाप्पापुढे आरतीची चाल फुंकताना ती अडखळत नाहीत. ते वाजणे चार थेंब तेलावाचून बंद पडू नये, एवढेच मागणे.

गणपती बाप्पा मोरया!