सल्ला मागावा कसा, सांगावा कसा



बियाणं, खत, फवारणी यांविषयी आपण नेहमीच बोलतो. आज जरा वेगळा विषय घेऊ. पिकावर काही नवीन दिसलं की आपण कुणाला तरी विचारतो. शेजाऱ्याला, दुकानदाराला, कृषी खात्याच्या माणसाला, पारावरच्या जाणत्या मंडळींना. त्या वेळी विचारणारा काय सांगतो आणि ऐकणारा त्याच्याशी कसा बोलतो, यावर पुष्कळदा पिकाचं भलंबुरं ठरतं. कधी कधी तर माणसाचा जीवही त्यावर अवलंबून असतो.

समजा, गावातल्या एका शेतकऱ्याची कपाशी दीड महिन्याची झाली आहे. शेंड्याकडची नवी पानं एकाएकी अरुंद आणि लांबट झाली, भेंडीच्या पानासारखी दिसू लागली. तो पान घेऊन पारावर आला. एकजण म्हणाला, "एवढंही कळत नाही? व्हायरस आहे हा." दुसऱ्यानं न बघताच औषधाचं नाव सांगितलं. तिसरा हसला आणि म्हणाला, "अर्धं आयुष्य शेतीत गेलं, अजून विचारतोच आहे!" त्या शेतकऱ्यानं पान मुकाट्यानं खिशात घातलं, दुकानातून मिळेल ते औषध आणलं आणि फवारलं. पैसा गेला, कपाशी तशीच राहिली.

आता यात खरं कारण काय असू शकतं, ते ऐका. ऊस, ज्वारी, गहू या पिकांत रुंद पानांचं तण मारायला २,४-डी हे तणनाशक वापरतात. कपाशीला ते अजिबात सोसत नाही. ज्या पंपानं ते फवारलं, तोच पंप नीट न धुता कपाशीत नेला, तर टाकीत, नळीत, नोझलमध्ये राहिलेला अंशही पानं बिघडवायला पुरतो. शेजारच्या शेतातून वाऱ्यावर आलेला फवाराही हेच करतो. यावर कीटकनाशकाचा उपयोग नाही. इजा थोडी असेल, तर पुढं येणारी फूट हळूहळू सरळ होते.

हे ओळखायला एकच प्रश्न पुरेसा होता : "दादा, या पंपानं याआधी काय फवारलं होतं?" पण तो कुणी विचारला नाही. आणि विचारला असता, तरी चारचौघांत हसं झालेला माणूस "पंप धुवायचा राहिला" असं कबूल करील का? नाही करणार. आपली चूक झाकण्याकडेच माणसाचा कल असतो. म्हणून ज्याला खरं कारण शोधायचं आहे, त्यानं आधी समोरच्याची भीड घालवली पाहिजे. बाजूला घ्यावं, बसवावं, पाणी द्यावं आणि मग हळूच विचारावं. चूक सापडली, तरी "असं कुणाच्याही हातून होतं" म्हणावं आणि पंप धुण्याच्या सोड्यानं, स्वच्छ पाण्यानं दोन-तीनदा कसा धुवायचा ते दाखवावं. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा, हेही त्याच वेळी सांगावं. त्याला ते जन्मभर आठवेल.

दुसरी गोष्ट. सांगण्याची घाई करू नये. पीक पिवळं पडलं म्हटलं की आपण लगेच म्हणतो, "युरिया टाक." पण पिवळं काय पडलं? खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील, तर नत्राची कमतरता असू शकते. पण शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील, तर चुनखडीच्या जमिनीत ती लोहाची कमतरता असू शकते. उसात याला आपण केवडा म्हणतो. पाणी साचल्यानंही पीक पिवळं पडतं. तिन्हींचा उपाय निराळा. म्हणून आधी विचारावं, शक्य तर शेतात जाऊन बघावं आणि मग सांगावं. माहीत नसेल, तर "मला हे कळत नाही, चल, आपण कृषी विज्ञान केंद्रात विचारू" असं म्हणावं. यात कमीपणा नाही. अंदाजानं औषध सांगणाऱ्यापेक्षा असं सांगणाऱ्यावर गावाचा विश्वास जास्त बसतो.

जाणत्यांनाही सगळं ठाऊक असतं असं नाही. २०१८ साली मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात प्रथमच आढळली. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षराची उलटी खूण आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके, ही तिची ओळख. तोपर्यंत ही अळी आपल्याकडच्या कुणीच पाहिलेली नव्हती. अशा वेळी "मक्यावर अळी असतेच" म्हणून विचारणाऱ्याला परत पाठवलं, तर साऱ्या शिवाराचं नुकसान होतं. आणि बंधूंनो, खुरपणी-वेचणी करणाऱ्या बायाबापड्यांच्या नजरेला कीड पुष्कळदा आधी पडते. एखादी मावशी अळी दाखवायला आली, तर "तुला काय कळतं?" म्हणून तिला उडवून लावू नका. एकदा हिणवलं, की ती पुन्हा सांगायला येणार नाही.

औषधाच्या डब्याविषयी विचारायला तर कित्येकजण लाजतात. कुणाला बारीक अक्षर दिसत नाही, कुणाला वाचता येत नाही. अशांना हसू नका, डबा हातात घेऊन वाचून दाखवा. त्यावरच्या चौकोनातला खालचा रंग बघायला शिकवा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्या मानानं सौम्य. हिरवा असला तरी ते विषच, हेही सांगा. पंधरा लिटरच्या पंपाला औषध किती घ्यायचं, ते मापानं करून दाखवा.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये. फवारणी करणारा गडी "मळमळतंय, गरगरतंय" म्हणाला, तर "नाटकं करू नको" असं चुकूनही बोलू नका. त्याचं काम तिथंच थांबवा, कपडे बदला, अंग साबणानं धुवा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. मजुराला बोलायची भीती वाटली, तर तो त्रास अंगावर काढतो. तिथं एक कठोर शब्द फार महागात पडतो.

आता सल्ला मागणाऱ्यानंही काही पथ्यं पाळावीत. "माझं पीक गेलं, काय मारू?" एवढ्यावर कुणी काही सांगू शकत नाही. पीक कोणतं, वाण कोणता, पेरणी कधीची, जमीन कशी, पाणी कधी दिलं, आजवर काय काय टाकलं आणि फवारलं, हे सगळं सांगावं. लपवू नये. पान एकटं न नेता मुळासकट रोप न्यावं. फोनवर फोटो पाठवायचा, तर पानाच्या दोन्ही बाजू, पूर्ण झाड आणि शेताचा तो भाग, असे निरनिराळे पाठवावेत. समोरचा आपलं काम सोडून सांगतो आहे, याची जाणीव ठेवावी. चार ठिकाणी विचारलं असेल, तर तेही सांगावं. आणि गुण आला, नाही आला, ते सांगायला परत जावं. गरज सरो, वैद्य मरो असं करू नये. तुमच्या अनुभवातूनच तो पुढच्या माणसाला नीट सांगू शकेल.

गावात विचारायला कुणी नसेल, तर किसान कॉल सेंटर आहे. २००४ पासून ही सोय सुरू आहे. १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत मराठीत विचारता येतं, त्याला पैसे पडत नाहीत.

थोडक्यात लक्षात ठेवा :

१) विचारणाऱ्याला हसू नका. चूक एकांतात सांगा.
२) आधी विचारा, बघा, मग सांगा.
३) कळत नसेल, तर तसं सांगा आणि जाणकाराकडं न्या.
४) विचारताना खरं आणि पूर्ण सांगा.
५) परिणाम काय झाला, ते कळवायला परत जा.

मंडळी, ज्या गावात माणूस न लाजता विचारतो, त्या गावात रोग लवकर ओळखला जातो आणि फुकटची फवारणी वाचते. उद्या कुणी पान हातात घेऊन तुमच्या दारी आला, तर त्याला आधी "या, बसा" म्हणा.