न झालेली नोंद



आज या सभागृहात पदवी घेणाऱ्यांत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, फार्मसीचे पदवीधर आहेत आणि संख्याशास्त्र, संगणकशास्त्र शिकलेलेही आहेत. पुढच्या काळात तुम्हा सर्वांची गाठ एकाच प्रकारच्या रुग्णाशी पडणार आहे. त्याला तीन-चार आजार एकदम असतील आणि त्यांतला एकही पूर्ण बरा होणारा नसेल. त्या रुग्णाबद्दल मला बोलायचे आहे. तुमच्यापैकी बरेच जण पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांतले आहेत, म्हणून उदाहरणेही तिथलीच घेतो.

समजा, शिरूरच्या पूर्व भागातली ५८ वर्षांची एक बाई आहे. आयुष्य चुलीपुढे आणि खुरपणीत गेले. दहा वर्षांपूर्वी शुगर निघाली, मग बीपी. गुडघे धरलेत. थंडी पडली की दम लागतो. बीपीच्या गोळ्या ती सरकारी आरोग्य केंद्रातून आणते, शुगरच्या गावातल्या खासगी डॉक्टरांकडून. गुडघ्याची गोळी थेट मेडिकलमधून येते, आणि दम फारच वाढला तर मुलगा तिला मोटरसायकलवर मागे बसवून शिक्रापूरला नेतो. तीन ठिकाणचे केसपेपर एका प्लास्टिकच्या पिशवीत पडलेले असतात, मेडिकलच्या गोळीचा तर कागदही नसतो. इतरांनी काय दिले आहे, ते चौघांपैकी कोणालाच ठाऊक नसते. वेदनाशामक गोळी रोज घेतली की रक्तदाब चढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मधुमेहाने ते मूत्रपिंड आधीच नाजूक झालेले असू शकते. दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या की साखर वाढते. प्रत्येकाने आपल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर उपचार केले, तरी बाईची तब्येत ढासळते. अशी बाई तुम्ही पाहिलेली आहे. तुमच्या घरातच असेल.

एकाच व्यक्तीला दोन किंवा अधिक दीर्घकालीन आजार असणे हा आता जगभर अभ्यासाचा मोठा विषय आहे. स्कॉटलंडमधील १७ लाखांहून अधिक लोकांच्या दवाखान्यांतील नोंदी तपासून २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे २३ टक्के लोकांना असे एकाहून अधिक आजार होते. सर्वांत गरीब वस्त्यांत हे आजार सधन वस्त्यांपेक्षा १० ते १५ वर्षे आधी जडत होते. हे म्हातारपणाचे दुखणे आहे, ही समजूतही तिथे मोडली, कारण नुसत्या संख्येने पाहिले तर असे रुग्ण ६५ वर्षांखालचेच जास्त निघाले. ब्रिटनने पुढे याच विषयात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठी खास संशोधन कार्यक्रम काढला. कोणते आजार जोडीने येतात, कोणता आधी येतो, दुसरा किती वर्षांनी मागोमाग येतो, कोणत्या औषधांच्या जोडीनंतर रुग्ण दाखल करावा लागतो, हे लाखो नोंदींमधून हुडकणे एका डॉक्टरच्या आवाक्यातले नाही. यंत्र ते करू शकते. मला या तंत्राबद्दल मनापासून उमेद आहे, आणि तुमच्यातल्या संगणकवाल्यांनी या कामात उतरावे असे फार वाटते.

पण तिथली मॉडेल्स जशीच्या तशी इथे आणू नका. ब्रिटनमध्ये बहुतेक माणसांचे नाव एका दवाखान्यात नोंदलेले असते आणि त्यांच्या आजारांचा इतिहास सलग एका ठिकाणी राहतो. आपल्याकडे तो त्या प्लास्टिकच्या पिशवीत असतो, आणि पावसाळ्यात घर गळले की तोही जातो. यंत्राला फक्त लिहिलेले दिसते. ज्या बाईचा दम कोणी कुठे लिहिलाच नाही, ती यंत्राच्या लेखी दमा नसलेली बाई. तिने आयुष्यात कधी विडी ओढली नाही, म्हणून तिच्या फुप्फुसांची तपासणी कोणाला सुचलीही नसेल. चुलीच्या धुरानेही फुप्फुसे कायमची निकामी होऊ शकतात, हे तर आता पक्के सिद्ध झालेले आहे.

अमेरिकेत काय घडले पाहा. जास्त आजारी रुग्णांना अधिक देखभाल मिळावी म्हणून तिथे एक संगणकीय प्रणाली वापरात होती. आजार मोजायला तिने उपचारांवर झालेला खर्च धरला. कृष्णवर्णीय रुग्णांवर खर्चच कमी होत होता, म्हणून तितकेच आजारी असूनही ते मागे पडत होते. २०१९ साली ‘सायन्स’मधल्या शोधनिबंधाने हे उघड केले. प्रणाली लिहिणाऱ्यांच्या मनात द्वेष होता असे समजायचे कारण नाही. मोजायला सोपे ते त्यांनी मोजले.

हेच दौंडला लावून पाहा. खडकवासल्याच्या कालव्यावरचा बागायतदार वर्षातून दोनदा पुण्यात सगळ्या तपासण्या करून येतो. त्याची जाडजूड फाइल होते. त्याच्याच फडात बीडहून आलेली टोळी ऊस तोडत असते. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत ती माणसे कोप्यांवर राहतात आणि मग गावी परततात. त्यांची नोंद ना इथे, ना तिथे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे उघड झाल्यावर २०१९ साली राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. कमी वयात गर्भाशयाबरोबर बीजकोशही गेले, तर हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. त्या स्त्रियांच्या पुढच्या २० वर्षांतल्या आजारांची साखळी तिथून सुरू होते. ती शस्त्रक्रिया ज्या नोंदींत नाही, त्या नोंदींवर शिकलेले यंत्र त्यांच्या मणक्याच्या दुखण्याचे कारण कुठून सांगणार? कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांतला कंत्राटी कामगार, रांजणगाव-सणसवाडीला रात्रपाळी करणारा परप्रांतीय मुलगा, यांचेही तेच. ठेकेदार बदलला की माणूस यादीतून गायब.

नोंदींखेरीज दुसरी अडचण शरीराची आहे, आणि ती पुण्यातच शोधली गेली. तिथल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९०च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांमध्ये गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे हडकुळी होती, स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. गावात ज्याला आपण काटक म्हणतो, त्या सडपातळ शेतकऱ्याला मधुमेह का निघतो, याच्या उत्तराची वाट इथून जाते. परदेशी शरीरांवर शिकलेले मॉडेल त्याला बिनधोक ठरवून पुढे जाईल.

मग करायचे काय? उत्तर शिरूर तालुक्यातच आहे. कोरेगाव भीमाहून आत गेले की वढू बुद्रुक लागते. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. आरोग्याच्या अभ्यासकांना ते आणखी एका कारणाने ठाऊक आहे. सत्तरच्या दशकात केईएमच्या डॉ. बानू कोयाजी यांनी तिथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले आणि गावातल्याच बायकांना, पुढे तरुण मुलींना, आरोग्याचे शिक्षण दिले. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच पायावर २००२ साली केईएमच्या संशोधन केंद्राने शिरूर आणि हवेलीतल्या २२ गावांत घरोघर नोंदणी सुरू केली. कोण जन्मले, कोण वारले, कोण लग्न होऊन आले, कोण पोटासाठी निघून गेले, हे घरी जाऊन लिहायचे. कोणी वारले तर घरच्यांजवळ बसून शेवटचे दिवस कसे गेले ते विचारायचे आणि मृत्यूचे कारण ठरवायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वृद्धत्वविषयक अभ्यासात याच गावांतल्या पन्नाशीपुढच्या ५,००० हून अधिक माणसांशी बोलणे झाले.

वढूची खरी किंमत मला यात वाटते की त्या नोंदीत दवाखान्यात कधीच न आलेला माणूसही आहे. रुग्णालयाचा संगणक आलेल्यांनाच मोजतो. न आलेला बरा आहे, गरीब आहे, की वारला, हे कळायला दारावर जावेच लागते. देशातल्या ४५ वर्षांपुढच्या माणसांचा आणि त्यांच्या जोडीदारांचा, मिळून सुमारे ७२,००० जणांचा, ‘लासी’ हा दीर्घकालीन अभ्यासही असाच घरी जाऊन झाला, आणि त्याची धुरा मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने सांभाळली.

आज सरकारी यंत्रणेत दारावर जाणारी माणसे आहेत. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा ‘सीबॅक’ हा आजारांची जोखीम पाहणारा फॉर्म आशाताई भरतात: वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, आई-वडिलांना बीपी-शुगर होते का, स्वयंपाकाला कोणते इंधन. २०२१ पासून १४ अंकी ‘आभा’ हा आरोग्य-ओळख क्रमांकही आला आहे. ते केसपेपर आणि मेडिकलमधल्या गोळीची नोंद एका क्रमांकाखाली आली तर आपल्या त्या बाईची गुडघ्याची गोळी आणि बीपीची गोळी निदान एकमेकींना भेटतील. यासाठी फार हुशार यंत्रही लागत नाही. फार्मसीच्या मित्रांनो, मेडिकलच्या काउंटरवर चिठ्ठीशिवाय दिलेली गोळी आज कुठेच नोंदली जात नाही. ती नोंद तुम्हीच करू शकता.

आता थोडे खासगीपणाबद्दल. २०२३ साली वैयक्तिक डिजिटल विदेच्या संरक्षणाचा कायदा झाला, वैद्यकीय संशोधनातल्या एआयसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) नैतिक मार्गदर्शक तत्त्वेही त्याच वर्षी आली. ती वाचा. पण गावात कायद्याच्या पुढचा विचार करावा लागतो. नाव पुसून टाकले, तरी दीडशे उंबऱ्यांच्या वस्तीत ‘वय ३१, विधवा, क्षयरोग’ एवढे लिहिले की ती कोण हे शेंबड्या पोरालाही कळते. त्याने एखादे ठरलेले लग्न मोडू शकते. अंगठा घेण्याआधी तिला तिच्या भाषेत सांगा की ही माहिती कुठे जाणार, कोण पाहणार, आणि नको म्हणाली तरी औषध थांबणार नाही. शिवाय गावकरी विचारतात, “आमचं रक्त नेता, पुढं त्याचं काय होतं?” या प्रश्नाला उत्तर न देणारे संशोधन मला अपुरे वाटते, ते कितीही मोठ्या नियतकालिकात छापून येवो. निष्कर्ष ग्रामसभेत जाऊन मराठीत सांगा.

शेवटी एकच मागणे. तुमच्यापैकी कोणी अशा प्रकल्पाचे अंदाजपत्रक नक्की लिहील. संगणक, सॉफ्टवेअर, परिषदांचा प्रवास, हे खर्च कोणी विसरत नाही. नोंदी आणणाऱ्या आशाताईंना आणि गावातल्या सर्वेक्षकांना मात्र “त्या करतीलच” असे गृहीत धरले जाते. मानधनासाठी महाराष्ट्रातल्या आशाताईंना २०२३-२४ मध्ये संपावर जावे लागले आणि आझाद मैदानात बसावे लागले. तुम्ही तुमच्या अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळीत त्यांचे पैसे लिहा, आणि शोधनिबंधात त्यांच्या कामाचा उल्लेख करा.