बारावीचं वजन किती?



दहावी झाली की आम्ही नांदेडची माणसं लेकराला घेऊन लातूरची एस.टी. धरतो. १९९९ ला सीईटी आली, त्याआधी मेडिकलचा नंबर बारावीच्या गुणांवर लागायचा. 'लातूर पॅटर्न' त्याच काळात गाजला. आता नीट. २०२५ साली तीन तासांत १८० प्रश्न, ७२० गुण. बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीत मिळून आमच्या प्रवर्गाला ४० टक्के पुरले. म्हणून कॉलेजात नुसतं नाव अन् अभ्यास ट्यूशन एरियात!

जर्मनीत 'अबिटूर' असते. तिच्यात शेवटच्या दोन वर्षांच्या वर्गातल्या कामाला दोन तृतीयांश गुण, परीक्षेला एकच हिस्सा. मेडिकलच्या प्रवेशातही त्या गुणांना वजन. रोज शाळेत बसल्याचं चीज होतं. तिथंही खोट आहेच. बहुतेक प्रांतांत चौथीनंतरच लेकरांच्या शाळा वेगळ्या होतात. दहा वर्षांच्या पोराचं काय कळतं हो?

पण ट्यूशनची फी, खोलीभाडं, खानावळ, हे मजुरी करणाऱ्या बापानं आणायचं कुठून? आपल्या विहाराचं सभागृह कार्यक्रम नसला की कुलपात असतं. ते रोज संध्याकाळी उघडा. नीट दिलेली आपलीच पोरं-पोरी जुने पेपर घेऊन बसतील. लाईटबिल आम्ही भरू.