शाळेशी बोलत राहूया

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक हे आचार्य विनोबा भावे यांचं जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी ते इथे जन्मले. शिक्षण जगण्याशी जोडलेलं असावं, असं ते आयुष्यभर सांगत राहिले. ही जोडणी होते ती शिक्षक आणि पालक एकमेकांशी मोकळेपणाने बोलतात तेव्हा.

त्यासाठी २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद केली. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा तयार करणं, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं, ही तिची कामं.

रायगडमधली अनेक कातकरी आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर कामासाठी वीटभट्ट्यांवर जातात. त्यांच्यापर्यंत पोचायचं तर, शिक्षकांनो, पालकसभेची सूचना फलकावर किंवा व्हॉट्सॲपवर देऊन थांबू नका. वाडीवर जाऊन तोंडी सांगा. सभा संध्याकाळी, माणसं कामावरून परतल्यावर घ्या. कुटुंब कुठे जाणार, हे निघण्याआधीच विचारून ठेवा, म्हणजे मुलांना तिथल्या शाळेत बसवता येईल.

आणि पालकहो, पुढच्या सभेला नक्की जा. आपल्या मुलाबद्दल एक तरी प्रश्न विचारा. तो तुमचा हक्कच आहे.